बुद्धिबळ इंजिनांची स्पर्धा: ओपनिंग बुकचा प्रभाव टाळून खरा कस कसा लावायचा?

अंत्रुजवासी

नमस्कार मंडळी.

मी फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवते. आमच्याकडे मुलं गटागटाने बुद्धिबळाचं इंजिन (स्वतः चाली शोधून खेळणारा प्रोग्राम) लिहितात आणि चतुर्थीच्या सुट्टीआधी या इंजिनांची आपसांत स्पर्धा लागते. २०२५ च्या नोव्हेंबरात हडफड्याला विश्वचषक रंगला, तेव्हापासून मुलांच्या अंगात बुद्धिबळ संचारलंय. यंदा आठ गट उतरलेत.

मागच्या स्पर्धेत जे झालं ते माझ्या मनातून जात नाही. पहिलं आलेलं इंजिन अगदी साधं होतं. मूल्यमापन म्हणजे मोहऱ्यांच्या किमतीची बेरीज, बाकी काही नाही. पण त्या गटाने नेटवरून एक भलंमोठं पॉलिग्लॉट बुक, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या तयार चालींचा साठा, उतरवून जोडलं होतं. नायडॉर्फसारखी नेहमीची ओपनिंग (डावाची सुरुवात) आली की हे इंजिन वीस-वीस चाली एका क्षणात खेळून मोकळं, आणि समोरच्याचं घड्याळ तोवर निम्मं संपलेलं. दुसऱ्या एका गटातल्या मुलीने क्विएसन्स सर्च, नल मूव्ह, किलर मूव्ह असं चाली शोधण्याच्या तंत्रांमधलं सगळं स्वतः समजून घेऊन लिहिलं होतं. तिचं इंजिन समोरच्याचं बुक संपेपर्यंत नेहमी एका प्याद्याने मागे पडलेलं असायचं. तिथून ते जिद्दीने खेळायचं, बरेच डाव वाचवायचंही, पण बक्षीस दुसऱ्यांना गेलं. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. तरी त्या पोरीला काय सांगावं ते मला सुचेना.

म्हणून यंदा ‘बुक बंद’ असं जाहीर केलं. चाचणी म्हणून दोन इंजिनं मूळ मांडणीपासून एकमेकांशी खेळवत ठेवली आणि सकाळी पीजीएन (डावांच्या चाली नोंदवलेली) फाइल उघडली. डाव शंभर, पण खेळ तोच तो. १. घोडा सी३ घोडा सी६ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. डी४ डी५ ४. उंट एफ४ उंट एफ५. पानामागून पान हेच. कुठे तरी चौदाव्या-पंधराव्या चालीला एखादा फाटा फुटतो, नाहीतर शेवटपर्यंत अक्षरशः तोच डाव. याला शंभर डाव कसं म्हणायचं?

आता माझ्यापुढचे प्रश्न. सुरुवात बाहेरून द्यायची तर ती निवडायची कोणी? मी निवडली तर मुलं म्हणणार, मॅडमनी अमक्याच्या सोयीची दिली. किती डाव खेळवले म्हणजे निकाल भरवशाचा? लॅबमध्ये एकसारखी २० मशीन आहेत, चार कोरची. शनिवार-रविवार मोकळे मिळतात. पावसात वीज जाते, तेही धरून सांगा.

---

पेडण्याचा प्यादा

मॅडम, सरळ चेस९६० लावा. बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्युनोस आयर्सला हा प्रकार जाहीर केला तो नेमका पाठांतराच्या विरोधातच. मागच्या ओळीतली मोहरी विस्कटली की सगळी बुकं बाद. ९६० मांडण्या आहेत, डाव परत येण्याचा प्रश्नच नाही. प्रत्येक मांडणीत दोन डाव, एकदा पांढरी, एकदा काळी. माझ्या मते याहून स्वच्छ उपाय नाही.

---

सासष्टीकर

मॅडम, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी मडगावला पेंटियमच्या काळापासून इंजिनं झुंजवत आलोय, नोकरीतून मोकळा झाल्यावर तर जास्तच. हा वाद तेव्हापासूनचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी चेस९६० बद्दल, कारण सूचना चांगल्या मनाने केलेली आहे. पण विद्यार्थ्यांच्या इंजिनांना ती जड जाईल. ९६० मधलं कॅसलिंग वेगळं असतं. राजा आणि हत्ती कुठूनही निघोत, पोहोचायचं ते नेहमीच्याच घरांवर. यूसीआयमध्ये (इंजिनाशी बोलायच्या ठरावीक भाषेत) ती चाल ‘राजाने स्वतःचाच हत्ती मारला’ अशी लिहून पाठवतात. ज्या गटाने हे लिहिलं नसेल त्याचं इंजिन बेकायदा चाल खेळून डाव घालवणार. मग तुम्ही सर्च मोजत नाही, कॅसलिंगचा कोड मोजता. शिवाय मुलांनी घोडा कुठे चांगला, उंट कुठे चांगला याची जी कोष्टकं भरली आहेत ती नेहमीच्या मांडणीवर बेतलेली. पुढच्या वर्षी सहा महिने आधी जाहीर करून ९६० घ्या, जरूर घ्या. यंदा नको.

आता मुख्य गोष्ट. ‘बुक बंद’ म्हणजे ‘सुरुवात नाही’ असं नव्हे. सुरुवात हवीच, फक्त ती इंजिनाच्या हातातून काढून पंचाच्या हातात द्यायची. तुम्हाला तेच तेच डाव दिसले ते का, हे बघा. एका थ्रेडवर चालणारं, कुठेही रँडम न वापरणारं इंजिन ठरावीक खोलीवर तीच स्थिती दिली की तीच चाल देतं. घड्याळावर खेळवलं तर मशीन मध्येच दुसरं काही करत असल्यामुळे एखाद्या वेळी अर्धी पायरी कमी-जास्त शोधलं जातं, आणि तुम्हाला चौदाव्या चालीला दिसलेला फाटा तोच. म्हणजे तुमच्या शंभर डावांतलं वेगळेपण मशीनच्या चुळबुळीतून आलेलं आहे. त्यातून ताकद कळत नाही.

नव्वदच्या दशकात हा आजार व्यापारी प्रोग्राममध्ये उघड दिसायचा. स्वीडनच्या एसएसडीएफ या कॉम्प्युटर-बुद्धिबळ संघटनेच्या क्रमवारी यादीसाठी दोन कॉम्प्युटर सिरियल केबलने जोडून रात्रंदिवस आपोआप डाव खेळवत. त्या यादीतला वरचा नंबर म्हणजे विक्री. मग प्रतिस्पर्ध्याच्या नेमक्या चुका शोधून त्या आपल्या बुकमध्ये पेरायचे प्रकार सुरू झाले. ‘बुक लर्निंग’ आलं: जिंकलेला डाव प्रोग्राम लक्षात ठेवी आणि तीच ओळ पुन्हा खेळून पुन्हा गुण घेई. त्यावरचा एक उतारा ग्रँडमास्टर जॉन नन यांच्या नावाने ओळखला जातो, ‘नन मॅच’. मोहरी बाहेर आलेल्या, साधारण समतोल अशा दहा स्थिती. प्रत्येक स्थिती दोन्ही इंजिनांनी दोन्ही रंगांनी खेळायची, म्हणजे वीस डाव. फ्रिट्झ या प्रोग्रामच्या मेनूमध्ये ती सोय असायची. मी त्या दहा स्थिती इतक्यांदा खेळवल्यात की आजही पट डोळ्यांसमोर उभा राहतो. कल्पना उत्तम, फक्त दहा स्थिती फार थोड्या. इंजिन लिहिणारे पुढे त्या दहांवरच आपले आकडे जुळवू लागण्याचा धोका राहतो.

आज जे गंभीरपणे चाचण्या घेतात ते सगळे याच वाटेने चालतात, फक्त स्थिती शेकड्यांनी किंवा हजारांनी घेतात. सीसीआरएल या क्रमवारी यादीत इंजिनांचं स्वतःचं बुक वापरत नाहीत, सगळ्यांना सामायिक बुक, पॉण्डरिंग (समोरच्याच्या वेळात विचार करणं) बंद. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेच्या सुपरफायनलला शंभर डाव असतात ते पन्नास ओपनिंगचे, प्रत्येक ओपनिंग रंग बदलून दोनदा. ती निवडायचं काम येरून नोमेन यांनी वर्षानुवर्षं केलं. स्टॉकफिश या बलाढ्य इंजिनाची फिशटेस्ट ही चाचणीव्यवस्था २०१३ पासून चालू आहे, तिथेही डाव जोडीनेच खेळतात.

जोडीचं महत्त्व मुलांना असं सांगा. भात कापल्यावर आपल्याकडे शेतात फुटबॉल खेळतात, शेताला एका बाजूला उतार असतोच. मध्यंतरानंतर बाजू बदलली की तक्रार उरत नाही. ओपनिंग थोडी पांढऱ्याच्या बाजूने असली तरी चालते, कारण तोच फायदा पुढच्या डावात समोरच्याला मिळणार आहे. दोन्ही डाव पांढऱ्याने जिंकले तर जोडी १-१. त्या जोडीने काहीच सांगितलं नाही असं समजायचं. ज्या इंजिनाने काळ्याकडूनही निभावलं आणि पांढऱ्याकडून जिंकलं, तिथे खरा फरक दिसला. म्हणून मोजताना सुटा डाव न धरता जोडीला एकक धरा. जोडीचे निकाल पाचच होऊ शकतात: ०, अर्धा, १, दीड, २. फिशटेस्टमधलं गणितही या पाच खान्यांवरच चालतं.

ओपनिंग कुठून घ्यायच्या? स्वतः निवडू नका. स्टॉकफिशच्या चाचण्यांसाठी वापरलेले संच गिटहबवर खुले आहेत, त्यात आठ-आठ चालींच्या हजारो ओळी असलेली फाइल आहे, ती घ्या. ‘असमतोल मानवी ओपनिंग’ असा श्टेफान पोल यांनी केलेला संचही दिसेल, तो मात्र मोह पडला तरी सोडा. तो आजच्या अतिबलाढ्य इंजिनांसाठी आहे. ती इंजिनं समतोल स्थितीत जवळजवळ प्रत्येक डाव बरोबरीत सोडवतात, म्हणून त्यांना मुद्दाम जिंकणं आणि बरोबरी यांच्या काठावरच्या स्थिती देतात. तुमच्या मुलांची इंजिनं समतोल स्थितीतूनही भरपूर चुकतील, निकाल लागतील.

फाइल मिळाल्यावर दोन चाळण्या लावा. एक, शेवटची स्थिती सारखी असलेल्या ओळी काढून टाका. चालींचा क्रम वेगळा असूनही तीच स्थिती येते आणि तुमच्या नकळत एक ओपनिंग दोनदा मोजली जाते. दोन, प्रत्येक शेवटची स्थिती स्टॉकफिशला दाखवून अंदाजे ०.७ प्याद्याहून जास्त झुकलेल्या वगळा. मग सर्व गटांनी इंजिनं जमा केली, फाइलींवर हॅश (फाइल बदलली की बदलणारा आकडा) घेऊन फळ्यावर लिहिला, की त्यानंतर मुलांच्या देखत फासे टाकून एक आकडा काढा. तो आकडा रँडम निवडीचा सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, म्हणून देऊन पन्नास ओळी उचला. हा क्रम मोडू नका. इंजिन जमा आधी, ओपनिंग नंतर. आणि तेच पन्नास प्रत्येक सामन्याला. नाहीतर एका जोडीला धारदार सिसिलियन आणि दुसरीला शांत एक्सचेंज स्लाव असं होईल.

डावांची संख्या आणि मशीनचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, जेवायची वेळ झाली.

---

घोडा अडीच घरं

काका, तुमचं लिखाण आवडलं, पण माझा विरोध आहे. बुक हासुद्धा प्रोग्रामचाच भाग आहे. ग्रँडमास्टर पाठ करून येतो तेव्हा आपण त्याला तयारी म्हणतो. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरने विश्वविजेत्या कास्पारोव्हला सहाव्या डावात हरवलं, तिथे आठव्या चालीला ई६ वर घोडा दिला तो बुकमधूनच. त्या विजयाला कोणी अर्धा म्हणत नाही. मग मुलांनी चांगलं बुक शोधलं, तर त्यांची मेहनत का नाकारायची? दुसरं, २०१७ मध्ये अल्फाझीरो या इंजिनाने स्टॉकफिश ८ ला शंभर डावांत २८ विजय आणि ७२ बरोबऱ्या असं हरवलं, तेव्हा स्टॉकफिशला बुक दिलं नाही म्हणून लोकांनी आरडाओरड केली होती. म्हणजे बुक नसणं हाही अन्यायच ना?

---

सासष्टीकर

घोडेबुवा, विरोध रास्त आहे आणि उदाहरणंही नेमकी आहेत.

डीप ब्लूच्या वेळी सामना माणूस विरुद्ध सगळी यंत्रणा असा होता. बुक तयार करायला ग्रँडमास्टर बसले होते. ‘ही सगळी फौज कास्पारोव्हला हरवू शकते का’ हा प्रश्न होता, त्याचं उत्तर मिळालं. त्या सहाव्या डावातली घोड्याची चाल मशीनच्या शोधाबद्दल मात्र काही सांगत नाही. डाव १९ चालींत संपला, त्यातला निर्णायक घाव आधी लिहून ठेवलेला होता. मॅडमचा प्रश्न वेगळा आहे. कोणत्या गटाने चांगला प्रोग्राम लिहिला? दुसऱ्याचं बुक उतरवून घेणं यात त्या गटाने लिहिलेलं काही नाही. एखाद्या गटाने स्वतः बुक तयार करणारा कोड लिहिला, डाव गोळा केले, चालींना वजनं दिली, तर त्याचं वेगळं कौतुक करा, वेगळं बक्षीस ठेवा. सर्चच्या गुणांत मिसळू नका.

अल्फाझीरोचं म्हणाल तर त्या टीकेत बुकइतकेच इतर मुद्दे होते: चालीला सरसकट एक मिनिट, ६४ थ्रेड असून हॅश (आधी तपासलेल्या स्थिती साठवायची मेमरी) फक्त १ जीबी. वर्षभराने आलेल्या सविस्तर अहवालात हजार डाव खेळवले, १५५ जिंकले, ६ हरले, बाकी बरोबरी. तेव्हा टीसीईसीच्या ओपनिंगवरूनही डाव खेळवून दाखवले. म्हणजे शंका फिटायची वेळ आली तेव्हा त्यांनीही बाहेरून दिलेल्या सामायिक स्थितींचाच आधार घेतला. मला तर तोच या वादाचा निकाल वाटतो.

आता मॅडमसाठी आकडे. आठ गट म्हणजे २८ सामने. पन्नास ओपनिंग, दोन रंग, सामन्याला १०० डाव, एकूण २८०० डाव. घड्याळ १० सेकंद आणि चालीला ०.१ सेकंद वाढ ठेवलीत तर साठ चालींचा डाव जास्तीत जास्त ३२ सेकंदांचा. एका मशीनवर एका वेळी एकच डाव चालवला तरी २० मशीनवर सगळं सव्वा तासात आटपतं. म्हणजे वेळ भरपूर आहे. मी तर घड्याळ तिप्पट करीन. विद्यार्थ्यांच्या इंजिनांचं वेळेचं नियोजन कच्चं असतं, फार घाईच्या डावात घड्याळ पडूनच निकाल लागायला लागतात.

शंभर डावांचा भरवसा किती? तीसेक टक्के बरोबऱ्या धरल्या तर शंभर डावांत ९५ टक्के खात्रीची मर्यादा जवळजवळ ±५७ एलो (ताकद मोजायचे गुण) येते. ५५-४५ असा निकाल म्हणजे फक्त ३५ एलो. तेव्हा ५५-४५ ने जिंकणाऱ्याला त्या एका सामन्यावरून श्रेष्ठ म्हणता येत नाही. पण प्रत्येक इंजिन सातही प्रतिस्पर्ध्यांशी मिळून ७०० डाव खेळणार आहे. तिथे मर्यादा ±२१-२२ पर्यंत खाली येते. त्यामुळे क्रमवारी एकूण गुणांवर लावा, आपसातल्या सामन्यावर नको. मुलांना ही ± ची पट्टी गुणतक्त्यात छापूनच द्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला सांख्यिकी यापेक्षा जवळून कधी भेटणार?

---

अंत्रुजवासी

काका, मनापासून आभार. फासे मुलांसमोर टाकायची कल्पना मी उद्याच वर्गात सांगते.

दोन शंका राहिल्यात. पहिली, कोणी बुक सोर्स कोडच्या आत अ‍ॅरे म्हणून लपवलं तर? यूसीआयमधून ‘ओनबुक’ (इंजिनाचं स्वतःचं बुक) बंद केलं तरी ते चालूच राहील. आणि आठ चाली मी दिल्या तरी नवव्या चालीची स्थितीही त्याच्या बुकात असू शकतेच. दुसरी, सगळ्या मशीन सारख्या आहेत म्हणतो आम्ही, पण खिडकीकडच्या रांगेतल्या दुपारी तापतात हे मला हात लावून कळतं. एसी एकच आहे आणि तो दाराकडे.

---

पेडण्याचा प्यादा

पहिल्या शंकेवर मी सांगतो, कारण माझ्याच इंजिनासाठी मी हे करतो. माणसांनी खेळलेल्या ओळी घेऊच नका. मूळ मांडणीपासून दोन्ही बाजूंनी मिळून आठ अर्ध्या चाली पूर्ण रँडम खेळवा, मग जी स्थिती येईल ती स्टॉकफिशला दाखवा. समतोल असेल तर ठेवा, नसेल तर फेका. बऱ्याच फेकाव्या लागतात, पण स्क्रिप्ट लावून झोपलं की सकाळी हजार तयार. एच-प्यादं दोन घरं पुढे, घोडा ए३ वर, असल्या स्थिती कुठल्याही बुकात सापडत नाहीत. कॅसलिंग नेहमीचंच राहतं, म्हणून काकांनी ९६० बद्दल घेतलेला आक्षेपही इथे लागू नाही.

---

सासष्टीकर

प्याद्याची ही सूचना मला पटली, पण पन्नासच्या पन्नास तशा घेऊ नका. रँडम स्थितीत मोहरी विचित्र जागी असतात, प्याद्यांची रचना माणसाच्या डावासारखी नसते. ज्या मुलीने प्याद्यांच्या रचनेवर मेहनत घेतली असेल तिचं काम तिथे कमी दिसेल. तीस ओळी माणसांच्या, वीस रँडम, असा वाटा ठेवा आणि दोन्हींचे गुण वेगळेही काढून बघा. एखादं इंजिन माणसांच्या ओळींत ७० टक्के आणि रँडममध्ये ४० टक्के गुण घेत असेल तर त्याचा कोड उघडून बसायचं.

लपवलेलं बुक लॉगमध्येही पकडता येतं. क्यूटचेसला (इंजिनांचे सामने खेळवणाऱ्या प्रोग्रामला) डीबग चालू करायला सांगितलं की इंजिनाने काय काय ओळी छापल्या ते सगळं येतं. विचार करणारं इंजिन चालीआधी खोली, नोड, गुण असं काहीतरी छापतं. बुकमधली चाल येते तेव्हा ‘बेस्टमूव्ह’ ही ओळ एकटीच येते, शून्य वेळात. नवव्या ते पंधराव्या चालींचे वेळ एका ओळीत लिहा: ०.०, ०.०, ०.०, ०.०, मग एकदम ०.९. हा उंबरठा डोळ्यांना लगेच दिसतो. एकच कायदेशीर चाल असेल तेव्हाही काही इंजिनं लगेच खेळतात, तेवढं तपासून मगच मुलांना विचारा.

मशीनचं. खिडकीकडची मशीन तापली की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो, ही शंका अगदी बरोबर आहे. यावर उपाय म्हणजे एका जोडीतले दोन्ही डाव एकाच मशीनवर, लागोपाठ. आणि दोन्ही इंजिनं त्याच मशीनवर, म्हणजे ताप दोघांना सारखा. नेटवर्कवरून एक इंजिन इथे आणि एक तिथे असं बिलकूल नको. थ्रेड एक, हॅश सर्वांना सारखा, पॉण्डरिंग बंद, टेबलबेस (मोजकी मोहरी उरलेल्या स्थितींची तयार उत्तरं) कोणालाच नाही, विंडोज अपडेट आणि अँटिव्हायरस त्या दोन दिवसांपुरते थांबवलेले. चार कोर आहेत म्हणून चार डाव एकदम लावायचा मोह होईल. मी दोनच लावीन.

डाव मध्येच थांबवून निकाल देण्याची सोय क्यूटचेसमध्ये आहे, इंजिनं स्वतः सांगतील त्या गुणांवरून. ती बंद ठेवा. मुलांच्या मूल्यमापनात चिन्हाची चूक असते, हरणारं इंजिन ‘मी जिंकतोय’ म्हणून छापत असतं. शह-मात होईपर्यंत खेळू द्या. तिहेरी पुनरावृत्ती आणि पन्नास चालींचा नियम क्यूटचेस स्वतः सांभाळतं.

आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी हे एक करून बघाच. प्रत्येक इंजिन स्वतःच्याच प्रतीशी खेळवा, घड्याळाऐवजी ठरावीक खोलीवर, समजा सहा, त्याच ओपनिंगवर, रंग बदलून. दोन्ही प्रती एकच असल्यामुळे जोडीतले दोन्ही डाव चालीन् चाल सारखे यायला हवेत आणि प्रत्येक जोडी बरोबर १-१ सुटायला हवी. एकही जोडी वेगळी आली तर काहीतरी गडबड आहे. बहुतेक वेळा नव्या डावाचा ‘यूसीआयन्यूगेम’ हा आदेश आल्यावर हॅश टेबल पुसलेलं नसतं, मागच्या डावाची आठवण पुढच्या डावात गळते. कधी कुठे रँडम शिल्लक राहिलेलं असतं. पहिली चूक असेल तर ‘रीस्टार्ट’ चालू करून प्रत्येक डावाला इंजिन नव्याने उठवा म्हणजे तेवढ्यापुरतं भागेल, पण मुलांना ती सुधारायला संधी द्या. ही चाचणी मला फार प्रिय आहे, कारण तिचं उत्तर आधीच माहीत असतं.

---

घोडा अडीच घरं

काका, बुकबद्दल तुमचं म्हणणं मान्य, वेगळ्या बक्षिसाची कल्पना आवडली. एक विचारतो: फिशटेस्टसारखं एसपीआरटी का नाही लावायचं? फरक सिद्ध झाला की सामना थांबवायचा, वेळ वाचतो.

---

सासष्टीकर

एसपीआरटी दोन इंजिनांसाठी, तेही बहुधा एकाच इंजिनाच्या जुन्या-नव्या आवृत्तीसाठी. ‘हा बदल ठेवू की नको’ एवढंच तिथे ठरवायचं असतं आणि थांबायच्या दोन्ही सीमा आधीच बांधलेल्या असतात. तुम्ही मुलांनी वर्षभर आपलं इंजिन सुधारताना ती जरूर वापरा, क्यूटचेसमध्ये सोय आहे. आठ जणांच्या साखळी स्पर्धेत मात्र सगळ्यांना सारखेच डाव मिळायला हवेत. आणि सीमा न बांधता नुसतं बघत बसून, आपला आवडता गट पुढे गेला की ‘बस झालं’ म्हणणं, हे तर कुठल्याच पद्धतीत बसत नाही.

---

अंत्रुजवासी

सगळं लिहून घेतलं. स्वतःच्या प्रतीशी खेळवायची चाचणी आज दोन इंजिनांवर केली. एकाच्या सगळ्या जोड्या १-१. दुसऱ्याच्या पहिल्या जोडीतच दोन डाव वेगळे. त्या गटाला फाइल दाखवली, आता चौघे कोड उघडून बसलेत आणि घरी जायचं नाव घेत नाहीत.

शेवटचं: वीज गेली आणि एखाद्या मशीनचा यूपीएस टिकला नाही तर अर्धवट डावाचं काय? आणि पहिल्या दोघांचे गुण ± च्या पट्टीतच राहिले तर?

---

सासष्टीकर

वीज गेली तर अर्धवट डाव एकटा पुन्हा खेळवू नका, पूर्ण जोडी रद्द करा. पहिला डाव झालेला असला तरी तोही काढायचा आणि त्याच ओपनिंगवर, शक्यतो त्याच मशीनवर, दोन्ही नव्याने. पहिल्या डावाचा निकाल बघून तो ठेवायचा की नाही हे ठरवायची वेळच येऊ देऊ नका. हे आधी कागदावर लिहून दाराला लावा. इंजिन स्वतःच कोसळलं तर मात्र तो डाव गेला, तिथे दयामाया नाही, पण तसं का झालं त्याचा लॉग गटाला द्या.

पहिल्या दोघांत पट्टीबाहेर फरक पडला नाही तर रविवारी दुपारी त्यांचा वेगळा सामना लावा. फाशांनी ठरलेल्या सीडच्या यादीत पन्नासच्या पुढच्या शंभर ओळी घ्या, जुन्या नकोत. दोनशे डावांची मर्यादा साधारण ±४० एलो येते. तरीही उलगडलं नाही तर दोघांनाही पहिलं बक्षीस द्या.

पीजीएन आणि लॉग इथे चढवा. जोड्यांची पाच खान्यांतली मोजणी मी करून देतो. नवव्या चालीपासूनचे वेळ मात्र मुलांनाच काढायला लावा.